नवा टॅब घेतलाय? सोबत काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने

टॅब घरी आला की लगेच प्रश्न सुरू होतात. कव्हर कोणतं घेऊ, पेन चालेल का, कीबोर्ड जोडता येईल का, टीव्हीला लावता येईल का? ऑनलाइन दुकानात टॅबच्या खालीच 'सोबत हेही घ्या' म्हणून पाच-सहा वस्तूंचा कॉम्बो दिसतो आणि नवीन माणूस तो सरळ मागवून टाकतो. त्यातल्या निम्म्या वस्तू पुढे खणात पडून राहतात.

माझं सांगणं एवढंच आहे की वस्तू निवडण्याआधी आपला टॅब काय काय स्वीकारतो ते बघा. पेन चालणं, टीव्हीवर चित्र जाणं, जलद चार्जिंग होणं हे सगळं टॅबच्या आतल्या हार्डवेअरवर ठरतं. ती सोय आत नसेल तर बाहेरून कितीही महाग वस्तू जोडली तरी मिळत नाही.

पायरी १ : टॅबची कुंडली मांडा

सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट' नावाचं पान असतं, आयपॅडमध्ये 'जनरल' आणि त्यात 'अबाउट'. तिथलं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर कागदावर उतरवून घ्या. नावातला एखादा 'प्लस' किंवा 'लाइट' फार महत्त्वाचा असतो. सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब एस ६ लाइटसोबत पेन खोक्यातच येतं. गॅलक्सी टॅब ए ९ प्लस दिसायला तितकाच मोठा, तितकाच छान, पण त्यावर सॅमसंगचं एस पेन चालतच नाही. साध्या आयपॅडचं तर नाव वर्षानुवर्षं नुसतं 'आयपॅड'च राहिलंय, त्यामुळे तिथे कितवी जनरेशन हे बघावंच लागतं. महाज्योतीसारख्या सरकारी संस्थेकडून जेईई, नीट किंवा सीईटीच्या तयारीसाठी टॅब मिळाला असेल तर ही पायरी जास्तच गरजेची, कारण तो टॅब तुम्ही स्वतः निवडलेला नसतो.

आता टॅब हातात घेऊन त्याच्या चारही कडा बघा. चार्जिंगचं छिद्र लांबट-गोल असेल आणि केबल कशीही लागत असेल तर ते यूएसबी-सी. साधा आयपॅड नवव्या जनरेशनपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, ॲपलच्या स्वतःच्या लाइटनिंग पोर्टवर होता. २०२२ च्या दहाव्या जनरेशनपासून तोही यूएसबी-सीवर आला. इअरफोनचं गोल छिद्र आहे का बघा. पिनेचं बारीक भोक असलेला ट्रे असेल तर त्यात सिम बसतं की मेमरी कार्ड, तेही बघा. कडेला किंवा मागे ओळीने चकचकीत ठिपके असतील तर ते कीबोर्ड जोडण्यासाठीचे संपर्कबिंदू असतात.

शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलच्या पानावरून तीन गोष्टी टिपून घ्या : कोणतं पेन चालतं, यूएसबी २.० आहे की ३ किंवा त्यापुढचं, आणि जास्तीत जास्त किती वॅटने चार्ज होतो. हा कागद जपून ठेवा, पुढे प्रत्येक खरेदीला लागेल.

पायरी २ : कव्हर आणि काच

इथे फार विचार नको, पण उशीरही नको. मागे घडी करून टेबलावर उभं करता येणारं, कोपरे झाकणारं कव्हर घ्या. दोन कोनांत उभं राहणारं असलं तर उत्तम, कारण व्हिडिओ बघायचा कोन आणि लिहायचा कोन वेगळा असतो. घरात लहान मूल असेल तर ते जाड फोमचं, मागे मूठ असलेलं कव्हर घ्या. दिसायला ओबडधोबड असतं, पण टॅब खाली पडला की त्याची किंमत कळते.

स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास लावताना खोक्यावरच्या '९ एच'ला भुलू नका. ते पेन्सिलच्या टोकाने ओरखडा उठतो का याचं माप आहे, आणि वाळूचा कण ती काचही ओरबाडतो. पेनने लिहिणार असाल तर काच न लावता खरखरीत मॅट फिल्मचा विचार करा. कागदावर लिहिल्यासारखं वाटतं, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कमी होतं. बदल्यात चित्र किंचित धूसर दिसतं आणि पेनचं टोक लवकर झिजतं. चित्रपट बघायलाच टॅब घेतला असेल तर मॅट फिल्म लावू नका.

पायरी ३ : चार्जर आणि केबल

हल्ली अनेक टॅबच्या खोक्यात चार्जर नसतो, किंवा अगदी कमी वॅटचा असतो. मग घरातला मोबाइलचा जुना चार्जर लावला जातो आणि 'टॅब रात्रभर चार्ज होतो' अशी तक्रार सुरू होते.

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचायला शिका. 'आउटपुट'समोर ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. म्हणजे हा चार्जर ९ व्होल्टला सुमारे २० वॅटचा झाला. नुसतंच '५ व्होल्ट २ अँपिअर' असेल तर तो १० वॅटचा, टॅबसाठी अपुरा. बहुतेक टॅबना 'यूएसबी पॉवर डिलिव्हरी', म्हणजेच पीडी लिहिलेला २० ते २५ वॅटचा चार्जर पुरतो. सॅमसंगच्या 'सुपर फास्ट' चार्जिंगसाठी त्यावर 'पीपीएस'ही लिहिलेलं हवं. काही चिनी कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत स्वतःची असते, तिथे पीडी चार्जर चालतो पण पूर्ण वेग मिळत नाही. आणि १५ वॅट घेणाऱ्या टॅबला ४५ वॅटचा चार्जर लावला तर बिघडत काही नाही, वेगही वाढत नाही. टॅब हवं तेवढंच घेतो.

केबल दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली घ्या. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असेल तर पीडी चालत नाही. पलंगाजवळ प्लग नसेल तर दोन मीटरची घ्या. छोटी केबल ताणून वापरली की पोर्ट सैल होतं, आणि ती दुरुस्ती केबलपेक्षा कितीतरी महाग पडते.

भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर आणि पॉवर बँकेवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक घातला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. रस्त्यावरच्या गाडीवरून चार्जर घेताना एवढं एक मिनिट द्याच.

पायरी ४ : पेन

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पेनवर, म्हणून इथे थोडं थांबू या.

बाजारात तीन जातींची पेनं मिळतात. पहिलं रबरी टोकाचं. कोणत्याही टॅबवर चालतं, अगदी स्वस्त असतं. लिहायला उपयोग नाही, टोकच बोटाएवढं जाड असतं. पण घरात वयस्कर माणसं असतील तर हेच पेन घ्या. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी होते आणि स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. आजी तीन-तीनदा दाबते आणि काही होत नाही, ते बऱ्याचदा यामुळे. रबरी टोकाने तो त्रास बराच कमी होतो.

दुसरं, 'सर्व टॅब आणि मोबाइलसाठी' असं लिहून विकलं जाणारं, बारीक टोकाचं, चार्ज करावं लागणारं पेन. ते टॅबला बोट असल्याचंच भासवतं. त्यामुळे तळहात टेकला की टॅबला तो दुसरा स्पर्श वाटतो आणि भलतीकडेच रेघ उमटते. दाब दिला तरी रेघ जाड होत नाही. चार ओळी लिहायला ठीक, वहीभर लिहायला नाही.

तिसरं, टॅबच्या कंपनीचं किंवा त्या टॅबसाठीच बनवलेलं पेन. सॅमसंगचं एस पेन वॅकॉम या कंपनीच्या तंत्रावर चालतं. लिहिण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही, स्क्रीनखालचा थरच त्याला ऊर्जा पुरवतो. ते हरवलं तर त्याच तंत्रावरची स्टेडलरची नोरिस डिजिटल पेन्सिलही एस पेनच्या टॅबवर चालते. ॲपल पेन्सिलमध्ये मात्र जोड्या जुळवाव्या लागतात. २०२४ मध्ये आलेली पेन्सिल प्रो साध्या आयपॅडवर चालत नाही. दहाव्या जनरेशनच्या आयपॅडला यूएसबी-सी असलेली पेन्सिल चालते, पण तिला दाब कळत नाही. नोट्स काढायला ती पुरेशी आहे, चित्रं काढायला नाही. २०१८ नंतरच्या आयपॅडसाठी इतर कंपन्यांची पेनंही मिळतात. त्यांत तळहाताची अडचण नसते, दाब मात्र तिथेही नसतो. वनप्लस, शाओमी, लिनोव्हो यांची पेनं आपापल्या ठराविक टॅबवरच चालतात.

दुकानात पेन तपासताना दोन गोष्टी करा. तळहात काचेवर पूर्ण टेकवून एखादा लांब शब्द लिहा, समजा 'महाराष्ट्रातल्या'. आधी सगळी अक्षरं काढा आणि शेवटी शिरोरेषा ओढा. देवनागरीत हात असा शब्दाच्या शेवटापर्यंत जाऊन पुन्हा सुरुवातीला येतो, आणि परत येताना तळहात लिहिलेल्या भागावरून सरकतो. पेन किंवा टॅब कच्चा असेल तर नेमकं तिथे शब्द सरकतो, पान हलतं किंवा शिरोरेषा मध्येच तुटते. इंग्रजी सही करून बघितली तर हा दोष कळत नाही. दुसरं म्हणजे पट्टी ठेवून अगदी सावकाश एक तिरकी रेघ ओढा. स्वस्त पेनची रेघ तिरकी जाताना नागमोडी होते. पट्टीला लागून ओढलेली रेघसुद्धा लाटेसारखी आली तर ते पेन घेऊ नका.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक सांगतो. पीडीएफवर खुणा करणं, नकाशे भरणं, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं यासाठी पेन आणि टॅब अतिशय उपयोगी आहेत. सॅमसंग नोट्स आणि आयपॅडचं नोट्स ही दोन्ही मोफत ॲप त्याला पुरतात. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि ती कागदावरच लिहायची असते. उत्तरलेखनाचा सराव कागदावरच करा. काचेवर घसरणाऱ्या टोकाने कमावलेला वेग कागदावर जसाच्या तसा येत नाही.

पेन घ्यायचंच नसेल आणि मराठी टाइप करायचा कंटाळा येत असेल, तर अँड्रॉइड टॅबवर गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्ड ॲपमध्ये मराठी भाषा जोडताना 'हँडरायटिंग' हा पर्याय निवडा. बोटाने किंवा रबरी पेनने लिहिलेलं मराठी तो छापील अक्षरांत बदलतो. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पायरी ५ : कीबोर्ड आणि माउस

दिवसाला दोन-चार मेसेजच लिहीत असाल तर कीबोर्ड घेऊ नका, बोलून टाइप करा. मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं चालतं. रोज पानभर लिहीत असाल तर मात्र कीबोर्डसारखी दुसरी सोय नाही. अर्धा स्क्रीन कीबोर्डने व्यापलेला असतो तो मोकळा होतो, हा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही.

ठिपक्यांवर चिकटणारे कंपनीचे कीबोर्ड चार्ज करावे लागत नाहीत, पण महाग असतात आणि एकाच मॉडेलला बसतात. उद्या टॅब बदलला की तो कीबोर्ड निरुपयोगी. नव्या माणसाने सुटा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा. तो मोबाइललाही जोडता येतो.

जोडायची रीत : कीबोर्ड सुरू करा, ब्लूटूथची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा, टॅबच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव आलं की त्यावर टिचकी मारा. कधीकधी स्क्रीनवर एक आकडा येतो. तो टॅबवर नाही, नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचा असतो. बरेच जण इथेच अडकतात.

मग मराठीचं काय? सेटिंगच्या शोधपट्टीत 'फिजिकल कीबोर्ड' लिहा, तिथल्या लेआउटच्या यादीत मराठी किंवा देवनागरी आहे का बघा. असेल तर ती बहुधा इनस्क्रिप्ट असते : मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के दाबला की क, एच दाबला की प, जे दाबला की र आणि डी म्हणजे हलन्त. थोड्या दिवसांच्या सरावात बोटं बसतात, आणि हाच लेआउट विंडोजवरही असल्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. कळांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकरही मिळतात. एक लक्षात ठेवा, स्क्रीनवरच्या कीबोर्डात इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची जी सवय असते, ती बाहेरच्या कीबोर्डवर प्रत्येक टॅबमध्ये चालेलच असं नाही. म्हणून कीबोर्ड आला की पहिल्याच दिवशी मराठी परिच्छेद लिहून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

माउस कोणताही चालतो. अँड्रॉइडवर पूर्वीपासून, आणि आयपॅडवर २०२० मध्ये आयपॅडओएस १३.४ आल्यापासून व्यवस्थित. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांनी कीबोर्डआधी माउस घ्यावा.

पायरी ६ : स्टँड

दहा-अकरा इंचांचा टॅब कव्हरशिवायच साधारण अर्धा किलोचा असतो. तो हातात धरून तासभर वाचलं की मनगट दुखतं. ऑनलाइन तासाला किंवा व्हिडिओ कॉलला टॅब टेबलावर आडवा ठेवला तर समोरच्याला तुमची हनुवटी आणि पंखा दिसतो. जड बुडाचा, उंची वाढवता येणारा धातूचा स्टँड घ्या आणि कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. पलंगाला चिमट्याने लावायचा लवचिक दांडा मोबाइलला ठीक. टॅबच्या वजनाने तो हळूहळू वाकतो, आणि खाली झोपलेल्या माणसाचं तोंड असतं.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी एक फारशी माहीत नसलेली वस्तू म्हणजे पानं उलटायचं ब्लूटूथ पेडल. टॅबला ते कीबोर्डच वाटतं आणि पायाने दाबलं की बाणाची कळ दाबल्यासारखं पान पुढे जातं. पेटीवर दोन्ही हात गुंतलेले असताना अभंगाचं पुढचं पान पायाने उलटता येणं ही मोठी सोय आहे.

पायरी ७ : साठवण

अँड्रॉइड टॅबला कार्डाची जागा असेल तर मायक्रोएसडी कार्ड ही सर्वात स्वस्त वाढ. आयपॅडमध्ये ती जागा नसते. कार्डावर 'यू ३' किंवा 'ए १' अशा खुणा बघा. यू म्हणजे लिहिण्याचा वेग, ए म्हणजे ॲप चालवण्याची क्षमता. व्हिडिओ, पीडीएफ, गाणी कार्डावर ठेवा, ॲप टॅबच्या आतच राहू द्या.

नकली कार्डं खूप आहेत. त्यांवर मोठी क्षमता छापलेली असते, आत असते त्यातली थोडीशीच, आणि भरत गेलं की जुन्या फायली खराब होतात. कार्ड आलं की ते संगणकावरून मोठ्या व्हिडिओंनी पूर्ण भरा आणि पहिला, मधला, शेवटचा असे काही व्हिडिओ चालवून बघा. विंडोज असेल तर 'एच २ टेस्ट डब्ल्यू' हे मोफत साधन हीच तपासणी आपोआप करतं.

यूएसबी-सी पेनड्राइव्हही ठेवा. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नसेल तर तो एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. आतलं सगळं दुसरीकडे ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं.

पायरी ८ : टीव्ही आणि हब

एचडीएमआय असलेला हब, म्हणजे एका यूएसबी-सीला अनेक पोर्ट जोडून देणारी डबी, घेण्याआधी कुंडलीचा कागद काढा. तारेने चित्र बाहेर पाठवायला टॅबच्या यूएसबी-सीमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लागतो. अँड्रॉइड टॅबला यूएसबी २.० लिहिलेलं असेल तर तो बहुधा नसतोच आणि हब कितीही चांगला असला तरी टीव्ही काळाच राहतो. अशा टॅबसाठी वायफायवरून कास्ट करणं हाच मार्ग, आणि बहुतेक स्मार्ट टीव्हींत ती सोय आधीच असते. ऑल्ट मोड असेल तर चार्जिंगचं पोर्टही असलेला हब घ्या, नाहीतर सादरीकरण चालू असतानाच बॅटरी उतरेल.

पायरी ९ : कान

टॅबला गोल छिद्र नसेल आणि जुना इअरफोन वापरायचा असेल तर यूएसबी-सीवरून जोडायची छोटी पट्टी मिळते. ती 'डॅक' (डिजिटल आवाज इअरफोनला कळेल असा करणारी चिप) लिहिलेलीच घ्या, साधी पट्टी अनेक टॅबवर मुकी राहते. मुलांसाठी आवाजाला मर्यादा असलेले हेडफोन घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित पातळी आहे, मोठ्यांसाठी ८० डेसिबल. बऱ्याच 'मुलांच्या' हेडफोनची मर्यादा ८५ असते, म्हणजे तिथेही टॅबचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवायला हवा.

पायरी १० : पॉवर बँक आणि पाऊस

१०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ३७ वॅट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत जवळपास एकतृतीयांश जातं, म्हणून सात हजार एमएएचच्या टॅबला ती एकदाच, तीही जेमतेम पुरते. तिच्यावर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' असते, खरा आकडा तो. गावी वीज तासन्‌तास जात असेल तर २०,००० ची, पीडी असलेली घ्या. ती सुमारे ७४ वॅट-अवरची, म्हणजे विमानातल्या १०० वॅट-अवरच्या मर्यादेत बसते. विमानात ती हातातल्या सामानातच न्यायची, चेक-इन बॅगेत चालत नाही.

कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी जूनच्या आधी दोन वस्तू आणून ठेवाव्यात : झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या. कापडी कव्हर ओलं झालं तर टॅब त्यातून काढून दोन्ही वेगवेगळे वाळवा. चार्जिंग लावल्यावर ओलाव्याची सूचना आली तर केबल लगेच काढा, पोर्ट खाली करून टॅब पंख्याच्या वाऱ्यावर उभा ठेवा. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात ठेवणं तर नकोच; तांदळाची पूड आणि कण पोर्टात जातात. सूचना पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा चार्जर लावू नका.